गेंड्या भुंग्याचा टिकाऊ पोशाख: कवच कडक, सांधे मऊ

प्रश्न: आमचा गट दिवाळीनंतरच्या हंगामात मालवणजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर, आणि खालच्या माडांच्या बागांत लार्प खेळतो, म्हणजे पात्राचा पोशाख चढवून प्रत्यक्ष जागेवर कथा जगण्याचा खेळ. माझे पात्र गेंड्या भुंग्यांच्या टोळीचा नाईक आहे. पुठ्ठा आणि स्पंज वापरून केलेला पोशाख दुसऱ्याच खेळात खांद्यापाशी उसवला आणि पाठीवर फुटला. धावणे, पडणे, फोमच्या तलवारींचे वार आणि इथली दमट, खारी हवा सोसून काही वर्षे टिकेल असा पोशाख कसा करावा? आणि तो गटातल्या दोघातिघांना आलटून पालटून वापरता येईल का?

उत्तर:

आपला पोशाख खांद्यापाशी उसवला आणि पाठीवर फुटला, हे योगायोगाने घडलेले नाही. माणूस हात वर करतो तेव्हा खांद्यामागची जागा आखडते आणि तो पुढे वाकतो तेव्हा पाठ तीन-चार बोटे लांबते. या हालचालीसाठी पोशाखात जागा सोडलेली नसेल, तर शरीर ती जागा फाडून घेते. त्यामुळे कीटकाचा पोशाख किती टिकेल हे त्याच्या कवचाच्या जाडीवर फारसे अवलंबून नसते. ते सांध्यांवर अवलंबून असते. आपण जाड फोम आणून तीच रचना पुन्हा केली, तर फाटण्याची जागा फार तर बोटभर सरकेल.

याचे उत्तर भुंग्याच्याच अंगात आहे. माडाच्या शेंड्यातून आकडीने काढलेला एखादा मेलेला गेंड्या भुंगा हातात घेऊन नीट पाहावा. त्याचे शास्त्रीय नाव ओरिक्टेस रायनोसेरॉस, लांबी साधारण 3 ते 5 सेंमी, रंग वरून काळपट आणि पोटाकडे तांबूस. त्याचे पोट हलक्या हाताने वाकवून पाहिले, तर एकही कडक पत्रा वाकत नाही; वाकते ती दोन पत्र्यांमधली पातळ, मऊ त्वचा. पायाच्या प्रत्येक सांध्यात हीच रचना असते. कवचाचे तुकडे स्वतंत्र आणि त्यांना जोडणारे आवरण लवचीक, या बेतावर कीटकांचे सारे शरीर उभे आहे. पोशाखही याच बेताने करावा: एकसंध कवच करू नये, सुटे पत्रे करावेत, ते एकमेकांना न चिकटवता आतल्या पट्ट्यांच्या सांगाड्यावर टांगावेत, आणि प्रत्येक पत्रा असा असावा की तो एकटा काढून बदलता येईल. यापुढचे सर्व तपशील या एका निर्णयातून येतात.

साहित्याबद्दल आधी थोडे. आपल्याकडे सोंगे आणि मुखवटे करण्याची मोठी परंपरा आहे, पण तिचे साहित्य जसेच्या तसे इथे चालत नाही. कागदाचा लगदा आणि खळ रंगमंचासाठी उत्तम असतात, पावसाळ्यात मात्र ते ओल धरतात, त्यांना बुरशी येते आणि खळीच्या वासाने झुरळे व उंदीर लागतात. दशावतारातील नट संवाद आयत्या वेळी रचतो, आणि या बाबतीत लार्प खेळणारा त्याचा जवळचा नातलग आहे. परंतु नटाचा मुकुट समोरून पाहण्यासाठी असतो आणि त्याच्यावर कोणी वार करीत नाही. लार्पमध्ये पोशाखाला पुढची बाजू अशी नसतेच, तो चहूबाजूंनी पाहिला जातो आणि चहूबाजूंनी मार खातो. थर्माकोल तर विचारातही घेऊ नये. तो चुरतो, आणि चपलांचे डिंक म्हणून मिळणाऱ्या सॉल्व्हंटच्या गोंदाने विरघळतो.

कवचासाठी इव्हीए फोम घ्यावा. चपलांच्या तळव्यांसाठी जे शीट विकले जाते ते हेच असते, आणि लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या जोडमॅटही बहुधा याच फोमच्या असतात. पाठीवरच्या मोठ्या कडक पंखांसाठी 10 मिमी, पोटाच्या पट्ट्यांसाठी आणि हातापायांसाठी 5 मिमी आणि बारीक कामासाठी 2 मिमी जाडी पुरते. घेताना नखाने दाबून पाहावे. खड्डा लगेच भरून आला तर फोम चांगला. व्रण तसाच राहिला तर तो फोम वारही तसेच जपून ठेवील. पत्र्याच्या छपराखाली लावण्याचा चंदेरी अस्तराचा फोम हलका आणि स्वस्त असतो, म्हणून अनेकांना मोह होतो. तो पॉलिथिलीनचा असतो, त्याला गोंद नीट धरत नाही, आणि उन्हात पहिला सांधा सुटला की त्याच्या मागोमाग सगळे सुटतात.

मापे घेण्यासाठी, पोशाखाखाली जे कपडे घालणार तेच अंगात घालून, त्यावर स्वयंपाकघरातील पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी आणि वरून कागदी चिकटपट्टी लावावी. मग मार्करने पत्र्यांच्या रेषा अंगावरच काढाव्यात. मात्र सरळ उभे राहून रेषा काढून थांबू नये. हात डोक्यावर न्यावेत, उकिडवे बसावे, जमिनीवरची वस्तू उचलावी, आणि प्रत्येक वेळी जिथे आवरण चुण्या घेते किंवा ताणले जाते तिथे खूण करावी. त्या खुणा म्हणजे सांध्यांच्या जागा. पत्र्यांच्या कडा त्या जागेपासून किमान दीड सेंमी अलीकडे थांबल्या पाहिजेत. मग आवरण पाठीतून कापून काढावे, सपाट करावे आणि पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावे. हे पुठ्ठ्याचे नमुने नाव व बाजू लिहून जपून ठेवावेत, कारण पुढे एखादा पत्रा बदलण्याची वेळ आली की त्यांचेच मोल कळते.

आता पाठीवरचे पंख. भुंग्याचे वरचे दोन पंख उडण्यासाठी नसून झाकण्यासाठी असतात. त्यांच्या खाली घडी घातलेले पातळ पंख असतात आणि पंख व पाठ यांच्यामध्ये हवेची एक पोकळी असते. हे वरचे पंख पोटाचे शेवटचे टोक पूर्ण झाकत नाहीत. या दोन्ही गोष्टी आपल्याला फार उपयोगी आहेत. पंख कमरेच्या थोडे खाली, बूड टेकण्याच्या जागेच्या वरच संपवावेत. ते लांब केले तर बसताना खालची कड जमिनीला लागते, पंख वर सरकतात आणि मानेवर येतात. कित्येक सुंदर पोशाखांची पाठ अशीच फुटते. आणि पंखाखाली चार-पाच सेंमी पोकळी ठेवली तर तिथून वारा खेळतो, जो कोकणातल्या हवेत निव्वळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

पंखाचा आकार दोन दिशांना गोल आहे, म्हणजे तो लांबीतही वळतो आणि रुंदीतही. सपाट शीट एका दिशेला सहज वळते, दुसऱ्या दिशेला मात्र जबरदस्तीने ताणावे लागते, आणि ताणलेला फोम त्या जागी पातळ होऊन पुढे तिथेच चिरतो. म्हणून खांद्याकडच्या कडेला दोन आणि शेपटीकडे एक अशा पाचरीच्या आकाराच्या फटी कापून त्या जोडाव्यात, शिंपी चोळीला टिप घालतो त्याप्रमाणे, म्हणजे बराचसा गोलावा कापण्यातूनच मिळतो. पाते नवे आणि धारदार असावे, ते एका लांब हालचालीत ओढावे. बोथट पाते फोम कापत नाही, ओरबाडते, आणि ओरबाडलेली कड कितीही गोंद लावला तरी जुळत नाही. त्यानंतर हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारे यंत्र, एका जागी न रोखता सतत फिरवीत संपूर्ण तुकडा तापवावा. पृष्ठभागावर मंद तकाकी आली की फोमची वरची छिद्रे मिटली आणि तुकडा वळवण्याजोगा झाला असे समजावे. तो उपड्या घमेल्यावर दाबून थंड होईपर्यंत धरून ठेवावा. दोन्ही बाजू तापवाव्यात. एकच बाजू मिटवली तर दुसरी पाणी आणि रंग पिते, आणि काही काळाने पंख एका अंगाला वाकतो.

पंखांवरच्या बारीक रेषा सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने कोरण्याची पद्धत रूढ आहे. ती दिसते छान, पण त्या प्रत्येक खाचेतून चीर सुरू होऊ शकते, विशेषतः खाच आडवी असेल तर. ज्याला पोशाख टिकवायचा आहे त्याने त्या रेषा रंगानेच दाखवाव्यात.

जोडण्यासाठी चपलांच्या कामात वापरला जाणारा रबराचा गोंद, म्हणजे फेव्हिकॉल एसआर 998 किंवा त्याच जातीचा, योग्य आहे. तो दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, आणि मगच दाबायचे; ओला असताना दाबलेला सांधा वरून धरल्यासारखा वाटतो आणि आतून कच्चा राहतो. दमट दिवशी सॉल्व्हंट उडताना गोंदाचा थर थंड होतो आणि त्यावर हवेतली वाफ बसते. तिचा पडदा नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाही, पण सांधा धरत नाही. म्हणून हे काम शक्यतो पावसाळ्यानंतर करावे, आणि तसे जमत नसेल तर गोंदाचा उग्र वास पूर्ण गेल्यावर, दाबण्यापूर्वी, दोन्ही बाजू हीट गनने किंचित कोमट कराव्यात. या गोंदाची वाफ पेट घेते आणि डोके धरते, त्यामुळे बंद खोलीत किंवा चुलीच्या जवळ हे काम कधीही करू नये. घराचे खळे किंवा मोकळी पडवी ही त्याची जागा. आणि तिथेही वाफ गाळणारा मुखवटा घालावा, साधे फडके त्यासाठी उपयोगाचे नाही.

गोंदाने पत्र्याचे तुकडे एकमेकांना जोडावेत, पण पत्रा सांगाड्याला मात्र गोंदाने कधीही जोडू नये. हा माझा ठाम नियम आहे. सांगाड्याचा सांधा सतत सोलला जातो, आणि रबरी गोंद दाब व ओढ सोसतो, सोलणे सोसत नाही. तिथे शिवणच हवी.

सांगाडा म्हणजे खांद्यांवरून येणारे दोन पट्टे, छातीवरचा एक आडवा पट्टा आणि रुंद कमरपट्टा. पाठीवर नेण्याच्या जुन्या ट्रेकिंगच्या सॅकचे पट्टे मिळाले तर त्याहून चांगले काही नाही, कारण त्या पट्ट्यांची रचनाच वजन कंबरेवर टाकण्यासाठी केलेली असते. पोशाखाचे वजन खांद्यांवर राहिले तर खेळणारा तासाभरात पुढे झुकतो, आणि झुकलेला भुंगा पाहणाऱ्याला थकलेला माणूस दिसतो. पट्टे 25 मिमी रुंद नायलॉनचे घ्यावेत आणि कापलेली टोके मेणबत्तीवर वितळवून बंद करावीत.

शिवणीची रीत सविस्तर सांगतो, कारण पोशाखाचे आयुष्य इथे ठरते. पत्र्याच्या आतल्या बाजूला आधी मांजरपाट गोंदाने चिकटवावे. फोमला दोरा कापतो, कापडाला कापत नाही, आणि ओढ कापडावर पसरली की फोमवर ताण उरत नाही. ज्या जागी पट्टा येणार तिथे मांजरपाटावर जुन्या चपलेच्या रबराचा रुपयाएवढा गोल तुकडा ठेवावा. मेण लावलेला जाड नायलॉन दोरा घ्यावा. बंदरावरच्या दुकानात जाळी दुरुस्त करण्यासाठी जो मिळतो तो पाण्याला, मिठाला आणि उन्हाला सरावलेला असतो. चांभाराच्या आरीने भोके आधी पाडून घ्यावीत, कडेपासून किमान दीड सेंमी आत आणि एकमेकांपासून सेंटिमीटरभर दूर. त्याहून जवळ पाडली तर ती भोके मिळून कागदावरच्या टाचणखुणांप्रमाणे फाटण्याची रेषाच आखून देतात. टाका घट्ट बसावा, पण ओढून फोममध्ये रुतवू नये. वरच्या बाजूला दोरा दिसतो याची खंत करू नये. त्यावर 2 मिमी फोमचा छोटा उंचवटा बसवला की तो भुंग्याच्या अंगावरचाच वाटतो. आपल्या गावात चप्पल शिवणारा कारागीर असेल, तर पत्रे आणि पट्टे घेऊन सरळ त्याच्याकडे जावे. हे काम त्याच्या हाताला जितके माहीत असते तितके आपल्याला वर्षांनीही होत नाही, आणि त्याची योग्य मजुरी द्यावी.

पोटाचे पत्रे पाच पुरतात. वरच्या पत्र्याची खालची कड खालच्या पत्र्यावर तीन-चार सेंमी चढलेली असावी, घरावरची कौले चढतात तशी; मग पाणी आत येत नाही, वाकताना फट दिसत नाही, आणि समोरून आलेली तलवार कडेत अडकत नाही. हे पत्रे दोन उभ्या लवचीक पट्ट्यांवर, प्रत्येकी फक्त वरच्या कडेला शिवावेत. खालची कड मोकळीच हवी. पत्र्यांच्या मधून दिसणाऱ्या जागेसाठी ट्रकच्या टायरमधल्या जुन्या ट्यूबचे रबर आतून लावले तर सांध्यातली मऊ त्वचा हुबेहूब दिसते, परंतु ते अंगभर वापरू नये, कारण त्यातून घाम बाहेर जात नाही. काखेत आणि पाठीच्या मध्यभागी काळे जाळीदार कापडच असावे.

बंदांसाठी वेल्क्रो सोयीचे वाटते, पण दिवाळीनंतरच्या सड्यावर ते टिकत नाही. वाळलेल्या गवताची कुसळे त्याच्या आकड्यांत बसतात, त्यावर किनाऱ्याची रेती येते, आणि एका दिवसात त्याची पकड जाते. बॅगांना असतात तशी प्लॅस्टिकची क्लिप लावावी. लोखंडी बटणे आणि रिंगा खाऱ्या हवेत गंजतात व त्यांचा डाग कापडातून जात नाही. स्टेनलेस स्टील घ्यावे, आणि समुद्राच्या अगदी काठावर खेळत असाल तर 304 ऐवजी 316 जातीचे.

शिंग आणि डोके यांत मात्र टिकाऊपणाआधी सुरक्षितता पाहावी लागते. डोक्यावरचे उंच शिंग ही तरफ आहे; टोकाला बसलेला हलका धक्का मानेपर्यंत मोठा होऊन पोहोचतो. म्हणून शिंगात काठी, तार, पाइप किंवा चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काडी, काहीही घालू नये. बांबूची कामटी मोडली की तिला सुरीची धार येते, आणि पुढे कोणाचा तरी डोळा असतो. शिंग 5 मिमी फोमचे, आतून पोकळ, फार तर वीत-सव्वा वीत उंच आणि टोकाला गोल करावे. ते शिरस्त्राणाला चिकटवू नये. शिंगाच्या आतून जाड इलॅस्टिकची दोरी ओवून ती शिरस्त्राणाच्या आत गाठ मारून ताणून बांधावी. तळाशी शिंग नुसते खोबणीत बसलेले असते. धक्का लागला की ते आडवे होते आणि सुटताच आपल्या जागी परत उभे राहते. असे शिंग मोडत नाही, कारण ते मोडण्याच्या आधी वाकून मोकळे होते.

शिरस्त्राणाच्या आत बांधकामावरच्या हेल्मेटमधला मापात घेता येणारा पट्ट्यांचा जाळा बसवावा; त्यामुळे फोम डोक्याला टेकत नाही आणि वरून हवा फिरते. भुंग्याचे डोके लहान आणि छातीच्या ढालीखाली दडलेले असते, ढालीवर शिंगामागे खोलगट भाग आणि त्याच्या पाठीमागे दोन उंचवटे असतात. ही सगळी रचना शिरस्त्राणाच्या कपाळावर घेतली की आपला चेहरा भुंग्याच्या डोक्याखालच्या सावलीत येतो. डोळ्यांपुढे खिडकीला लावतात ती काळी प्लॅस्टिकची जाळी ताणावी आणि रंग फक्त बाहेरून, कोरड्या ब्रशने द्यावा. धातूची जाळी वापरू नये. पायाखालचे दिसते की नाही हे आधी तपासावे, कारण जांभ्याच्या सड्यावर खड्डे गवताखाली लपलेले असतात. या भुंग्याच्या स्पर्शिका आखूड असून टोकाला पापुद्र्यांची छोटी गाठ असते. लांब, डुलणाऱ्या स्पर्शिका लावण्याची इच्छा होईल, पण तो मग दुसराच कीटक होतो, आणि मोडणारी आणखी एक वस्तू वाढते.

पायांच्या तीन जोड्यांपैकी पुढची आपले हात, मागची आपले पाय, आणि मधली खोटी. ही मधली जोडी पोटाला लावण्याची चूक सर्रास दिसते. कीटकाचे सहाही पाय छातीलाच असतात, म्हणून ती छातीच्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला टांगावी. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ते काळे नळीदार फोम यासाठी फार चांगले: हलके, पोकळ आणि कोपरात आपोआप वाकणारे. हात हलला की हे पाय हलावेत म्हणून पुष्कळजण कोपराला तंगूस, म्हणजे मासेमारीचा बारीक नायलॉनचा धागा, बांधतात. मी ते करू देत नाही. तंगूस दिसत नाही, तुटत नाही, आणि झटापटीत दुसऱ्याच्या बोटाला किंवा गळ्याला पडला तर कापतो. त्याऐवजी काळे चपटे इलॅस्टिक घ्यावे आणि ते कोपराच्या पट्टीला साध्या सुती दोऱ्याच्या दोन टाक्यांनी जोडावे, म्हणजे जोर पडताच दोरा तुटेल आणि माणूस सुटेल. पुढच्या पायांवरचे उकरण्याचे दात मऊ फोमचे व बोथट करावेत. बुटांचे तळवे कशानेही झाकू नयेत. शेवाळलेल्या जांभ्यावर फोम घसरतो.

गुडघे, कोपरे आणि पंखांची खालची कड यांना जांभा किसणीवर धरल्याप्रमाणे झिजवतो. गुडघ्याच्या पत्र्याआड बाजारात मिळणारे खरे नी-पॅड घालावे आणि या तिन्ही जागी बाहेरून ट्यूबच्या रबराची पट्टी शिवावी, जी झिजली की उसवून दुसरी लावता येते.

रंगाआधी फोमवर लवचीक थर हवा. पांढरा फेव्हिकॉल पातळ करून लावण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो वाकल्यावर तडकतो आणि दमट हवेत पुन्हा चिकट होतो. प्लास्टी डिप नावाचे तयार रबरी लेपन चांगले, मात्र महाग. द्रवरूप नैसर्गिक रबर, म्हणजे लॅटेक्स, हा उत्तम पर्याय आहे; लार्पची फोमची शस्त्रे अनेक देशांत याच थराने झाकली जातात. पातळ असे तीन-चार थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा, आणि शेवटच्या एक-दोन थरांत पाण्यातला काळा व तपकिरी रंग मिसळावा. म्हणजे ओरखडा गेला तरी खालून पांढरे दिसत नाही. लॅटेक्सचे तीन शत्रू आहेत. पहिले ऊन. दुसरे तेल, आपल्याकडे डोक्याला खोबरेल लावून येणारे बरेच असतात, म्हणून शिरस्त्राणाच्या आत लॅटेक्स लावू नये आणि खेळणाऱ्याने डोक्याला सुती फडके बांधावे. तिसरे तांबे, पितळेची बटणे लॅटेक्सला टेकली तर त्या जागी रबर कुजून चिकट होते. शिवाय काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते, ती गंभीरही असू शकते, तेव्हा पोशाख घालणाऱ्यांना आणि त्यांच्याशी झटापट करणाऱ्यांना आधी विचारून घ्यावे. कोणाला असेल तर प्लास्टी डिपच वापरावे, खर्चाचा विचार करू नये.

तयार पोशाखाची परीक्षा आरशापुढे होत नाही. तो घालून दोन गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, पाणंदीतून पळावे, गडगा ओलांडावा, माडाखाली वाकून झावळी उचलावी, पाठीवर पडून कोणाच्याही मदतीशिवाय उठावे, आणि जुन्या घराच्या ठेंगण्या दारातून आत-बाहेर करावे. जिथे अडकले तिथे खडूने खूण करून ती कड गोल करावी. सर्व क्लिप घाबरलेल्या माणसाच्या हाताने, डोळे मिटून, काही क्षणांत सुटतात का हेही पाहावे. खेळ दुपारचा असेल तर दर अर्ध्या तासाने शिरस्त्राण काढून पाणी किंवा मीठ घातलेले कोकम सरबत घ्यावे. फोमखाली घाम वाळत नाही, आणि भोवळ येणाऱ्याला ती आधी कळत नाही. शेकोटी आणि दिवट्यांपासून या पोशाखाने दूरच राहावे, कारण पेटलेला फोम वितळून अंगाला चिकटतो.

खेळ संपल्यावर अस्तर वेगळे काढून धुवावे आणि पत्रे गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावेत. पोशाख सावलीत, वाऱ्यावर, दांडीला टांगून वाळवावा. तो आंब्याच्या फांदीला टांगला असेल तर पुन्हा घालण्यापूर्वी जरूर झाडून घ्यावा. हुमल्यांना, म्हणजे झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्यांना, पंखांखालची पोकळी लगेच आवडते. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नये, कारण एप्रिल-मेच्या उष्णतेत तिथे फोमचा आकार जातो आणि गोंदही सुटतो. घडी घालू नये, वर वजन ठेवू नये. पावसाळ्यात लॅटेक्सचे दोन पत्रे एकमेकांना टेकले की चिकटतात, म्हणून मधे टाल्कम पावडर भुरभुरून सुती कापड घालावे. डांबरगोळ्या टाळाव्यात, त्यांचा वास फोममध्ये मुरतो आणि शिरस्त्राणात सोसवत नाही.

दोघातिघांनी वापरण्याच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते. एकसंध कवच एकाच अंगाचे असते, पण पट्ट्यांवर टांगलेले सुटे पत्रे पट्टे कमी-जास्त केले की बऱ्याच फरकाच्या अंगांना बसतात. माप सर्वांत रुंद छातीच्या आणि सर्वांत लांब पाठीच्या खेळाडूचे घ्यावे, प्रत्येकाच्या मापाच्या जागी पट्ट्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घालावा, म्हणजे अदलाबदल करताना शोधाशोध होत नाही. हात आणि पाय यांचे पत्रे मात्र वाटून घेता येत नाहीत. ते प्रत्येकाचे स्वतंत्र करावेत, त्यांना फारसा फोम लागत नाही. अस्तर, डोक्याचे फडके आणि हेल्मेटमधली घाम टिपणारी पट्टी प्रत्येकाने आपापली आणावी.